मखजन ते मॅगझीन

उर्दू माध्यमाच्या शाळेत व्याकरण शिकवताना 'इस्मे जर्फ' नावाचा एक धडा येतो. जागा किंवा वेळ दाखवणारे नाम म्हणजे इस्मे जर्फ. अरबी भाषेची गंमत अशी की मूळ तीन अक्षरांच्या पुढे एक 'म' लावून शब्द ठरावीक साच्यात बसवला, की ते काम जिथे होते त्या जागेचे नाव तयार होते. सजदा करायची जागा ती मस्जिद. दर्स मिळण्याची जागा तो मदरसा. किताबत म्हणजे लिहिणे, ते शिकायची जागा मकतब. तबाअत म्हणजे छपाई, म्हणून छापखाना तो मतबा. अरबीत जुलूस म्हणजे बसणे, म्हणून जिथे लोक मिळून बसतात ती मजलिस. आपल्याकडे जुलूस म्हटले की लोक उठून चालायला लागतात, ही गोष्ट वेगळी! मुलांना हा खेळ फार आवडतो. एका वर्षी एका मुलाने क्रिकेट खेळण्याच्या जागेला 'मकरकट' असे नाव काढले होते. साचा त्याला बरोबर कळला होता, म्हणून आम्ही त्याला पूर्ण गुण दिले.

याच धड्यात 'मखजन' हा शब्द असतो. खे, जे आणि नून ही तीन अक्षरे. अर्थ साठवून ठेवणे. साठवण्याची जागा ती मखजन, म्हणजे कोठार. त्याचे अनेकवचन मखाजिन. खजाना आणि खजिना हीसुद्धा याच घरातली भावंडे. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी मिसरच्या राजाकडे देशाच्या कोठारांची जबाबदारी मागितली, त्या आयतीत 'खजाइन' हाच शब्द आला आहे. सात वर्षे सुगीची आणि सात वर्षे दुष्काळाची हा किस्सा मुलांना पाठ असतो, त्यामुळे अर्थ सांगायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

मराठीलाही हे घराणे परके नाही. अंजुमन असो, गणेश मंडळ असो की गावची पतसंस्था, खजिनदाराशिवाय कोणाचेच चालत नाही. आमच्या पगाराची बिले ज्या कार्यालयातून पास होतात त्याच्या पाटीवर 'कोषागार' लिहिलेले आहे, शिक्षक त्याला ट्रेझरी म्हणतात आणि आमचे अब्बा त्याला 'खजिना'च म्हणत. तिन्ही नावांनी बिल अडते ते अडतेच.

हे सगळे आम्ही बरीच वर्षे शिकवत होतो. पण या शब्दाच्या मागे लागावे असे वाटले ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो एमबीबीएसला किर्गिझस्तानमध्ये बिश्केकला गेला. आपल्या समाजातली बरीच मुले आता तिकडे जातात. एके दिवशी त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला आणि पाठोपाठ निरोप. "सर, इथे गल्लोगल्ली मॅगझीन आहे. पाटीवर रशियन अक्षरांत 'मागाझीन' लिहिलंय, पण आत गेलं तर दूध, अंडी आणि बटाटे! एकही मासिक नाही." त्याच पाटीवर वर किर्गिझ भाषेत 'दुकोन' असेही लिहिलेले होते. ते आपले दुकान, हे त्याने स्वतःच ओळखले होते. आम्ही त्याला कळवले, "बेटा, त्या मागाझीनमध्ये मासिक शोधू नकोस. तुझ्या त्या दुकानाचे आणि आपल्या मासिकाचे आजोबा एकच आहेत आणि तू त्यांना सातवीत भेटला आहेस." त्याचे उत्तर आले, "मखजन?" एवढ्या एका शब्दाने आमचा तो दिवस सोन्याचा झाला.

हे आजोबा घरातून निघाले कसे आणि गेले कुठे कुठे?

मध्ययुगात भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर व्यापार चाले. दक्षिणेच्या किनाऱ्यावर अरबी बोलणारी बंदरे, उत्तरेला जिनोआ, पिसा, व्हेनिस, मार्सेय. परक्या बंदरात व्यापाऱ्याला पहिली गरज असते ती माल ठेवायच्या जागेची, आणि त्या जागेचे नाव तो तिथल्या हमालाकडूनच शिकतो. असे हे मखजन किंवा मखाजिन इटालियन भाषेत जाऊन 'मागाझ्झिनो' झाले. घशातून येणारा 'खे' त्या लोकांना जमला नाही, त्यांनी त्याचा 'ग' केला. यावर हसायचे कारण नाही. मराठीतही तो घशातला 'खे' राहिलेला नाही, आपला साधा 'ख' झाला आहे. शब्द पाहुणा म्हणून आला की त्याला यजमानाच्या ताटात जे असेल तेच जेवावे लागते.

त्याच बंदरांवरून आणखीही माल गेला. हिशेबाचे दफ्तर ते दिवाण. त्यावरून इटालियनमध्ये 'दोगाना' आणि फ्रेंचमध्ये 'दुआन' झाले, अर्थ जकात नाका. माहिती देणे, ओळख करून देणे म्हणजे तारीफ. त्यातून दरपत्रक या अर्थाने 'टॅरिफ' निघाला. आपण तारीफ म्हटले की खूश होतो आणि युरोपातला व्यापारी टॅरिफ म्हटले की खिसा चाचपतो.

स्पेन आणि पोर्तुगालची गोष्ट मात्र निराळी. तिथे अरबी ही बंदरावर ऐकायची भाषा नव्हती, ती शेजारच्या घरातली होती. अंदलुसमध्ये मुस्लिम राज्य ७११ साली सुरू झाले आणि गरनाता, म्हणजे ग्रॅनडा, १४९२ साली पडले. इतक्या शतकांच्या शेजारात शब्द सुटा जात नाही, त्याच्यासोबत 'अल'सुद्धा जातो. म्हणून स्पॅनिशमध्ये मखजनचे 'अल्मासेन' झाले आणि पोर्तुगीजमध्ये 'आर्माझेम'. साखरेचेही तसेच. इटालियनमध्ये ती 'झुक्केरो', फ्रेंचमध्ये 'स्युक्र', पण स्पॅनिशमध्ये 'अल सुक्कर'ची 'आसुकार'. कापसाचेही तसेच, इटलीत 'कोतोने' आणि स्पेनमध्ये 'अल्गोदोन'. एखादा शब्द दारावरून गेला की घरातून, हे 'अल'वरून ओळखता येते, असे ढोबळपणे म्हणता येईल. पुढे स्पॅनिश लोकांबरोबर अल्मासेन अटलांटिक ओलांडून गेला. आज अर्जेंटिनात 'अल्मासेन' म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकान.

शिवाय युरोपातच एक भाषा अशी आहे, जिच्यात हा शब्द जवळजवळ आपल्या वर्गातल्यासारखाच उरला आहे. माल्टा या लहानशा बेटाची माल्टीज भाषा अरबीतून जन्मलेली, लिहिली जाते मात्र लॅटिन अक्षरांत. लोक बहुसंख्येने कॅथॉलिक. २००४ साली माल्टा युरोपियन युनियनमध्ये गेला आणि ही भाषा तिथल्या अधिकृत भाषांपैकी एक झाली. तिच्यात कोठाराला आजही 'मह्झेन' म्हणतात.

फ्रान्समध्ये 'मागाझँ'ने पहिला मोठा पालट घेतला. कोठार म्हणजे बंद जागा. कुलूप, किल्ली, पहारेकरी. फ्रेंचांनी हळूहळू हा शब्द अशा जागेला लावला जिथे मालही ठेवलेला असतो आणि गिऱ्हाईकही आत येते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये 'ग्राँ मागाझँ' म्हणजे मोठाली दुकाने निघाली. आरिस्तिद बुसिको नावाचा माणूस १८५२ साली 'बाँ मार्शे' या दुकानात भागीदार झाला आणि त्याने ते नावारूपाला आणले. किंमत ठरलेली, घासाघीस नाही, आणि मुख्य म्हणजे आत शिरले म्हणून काही घेतलेच पाहिजे असे बंधन नाही. हात लावून पाहा आणि रिकाम्या हाताने परत जा! कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या फ्रेंच लोकांनी तर यावरून 'मागाझिने' असे क्रियापदच केले, अर्थ खरेदीला जाणे. रशियन आणि रुमानियन लोकांनी हाच दुकानाचा अर्थ उचलला. ग्रीक लोकांचे 'मागाझी' म्हणजेही दुकान. ब्राझीलमध्ये १९५७ साली सुरू झालेली 'मॅगझीन लुइझा' ही दुकानांची मोठी साखळी आहे. ती फ्रिज आणि टीव्ही विकते.

जर्मन आणि डच लोक मात्र कोठारालाच धरून राहिले. डच भाषेत 'मागाझेन' म्हणजे आजही गोदाम. जर्मनमध्ये 'मागात्सीन' म्हणजे गोदाम आणि शिवाय ग्रंथालयाचा तो भाग जिथे वाचकाला प्रवेश नसतो. फ्रेंच ग्रंथालयांतही तसेच म्हणतात. पुस्तके मागाझँमध्ये, वाचक वाचनालयात, आणि दोघांच्या मध्ये ये-जा करणारा नोकर तो 'मागाझिनिए'. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आंरी लाब्रूस्त या वास्तुकाराने बांधलेले वाचनगृह १८६८ साली उघडले. त्यालाच लागून त्याने छापील पुस्तकांसाठी लोखंडी जाळीच्या मजल्यांचे भलेमोठे मागाझँ उभारले, वरचा उजेड जाळीतून खालपर्यंत झिरपावा म्हणून. त्याची छायाचित्रे पाहताना आम्हाला एक कपाट आठवले. त्याविषयी पुढे सांगू.

वाचकांना सगळ्यात नवल वाटेल ते इराणचे आणि तुर्कस्तानचे. तुर्की भाषेत 'महझेन' आहे, तो थेट अरबीतला, अर्थ तळघर. आणि 'माआझा' असाही शब्द आहे, तो युरोपला जाऊन आलेला, अर्थ दुकान. इराणी माणूस पाण्याच्या टाकीला मखजन म्हणतो आणि दुकानाला 'मगाजे'. हे मगाजे म्हणजे फ्रेंच मागाझँचे फारसी रूप. म्हणजे घरातला मुलगा परदेशी जाऊन, कपडे बदलून, बोली बदलून परत आला आणि घरच्यांनी त्याला पाहुणा समजून दिवाणखान्यात बसवले.

आता इंग्रजांकडे येऊ, कारण आपल्याकडे हा शब्द आला तो त्यांच्याच गलबतातून. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी तो फ्रेंचांकडून घेतला तेव्हा अर्थ कोठार एवढाच होता. लौकरच तो मुख्यतः एका प्रकारच्या कोठाराला लागला, दारूगोळ्याच्या. पण १६३९ साली रॉबर्ट वॉर्ड याच्या युद्धशास्त्रावरच्या ग्रंथाच्या नावातच 'मिलिटरी मॅगझीन' हे शब्द आले. कोठारच, पण बंदुकांचे नव्हे, युद्धाचे नियम आणि सूचना यांचे. अर्थ एका पायाने बारुदखान्यात आणि दुसऱ्याने पुस्तकात उभा होता.

तो दुसरा पाय पक्का रोवला एका चांभाराच्या मुलाने. एडवर्ड केव्ह हे त्याचे नाव. टपाल खात्यात नोकरी, छपाईचा अनुभव आणि डोक्यात एक कल्पना. लंडनमध्ये दर आठवड्याला इतकी पत्रके निघतात की ती सगळी विकत घेणे आणि वाचणे कोणालाच शक्य नाही, तर त्यांतले चांगले ते निवडून महिन्याला एकदा एका जागी साठवून का देऊ नये? त्याने सेंट जॉन्स गेट या जुन्या वेशीच्या इमारतीत छापखाना टाकला आणि जानेवारी १७३१ पासून 'जंटलमन्स मॅगझीन' काढायला सुरुवात केली. मुखपृष्ठावर त्या वेशीचेच चित्र असे. संपादक म्हणून त्याने घेतलेले टोपणनाव होते सिल्व्हेनस अर्बन, म्हणजे अर्धा रानातला आणि अर्धा शहरातला. संपादकाचे यापेक्षा नेमके वर्णन आम्ही तरी ऐकलेले नाही. पार्लमेंटमधली भाषणे छापायला तेव्हा बंदी होती. केव्हने ती लिलिपुट या काल्पनिक देशाच्या सभेतली म्हणून छापली! ती लिहिणाऱ्यांत एक गरीब, कर्जबाजारी लेखक होता, सॅम्युअल जॉन्सन. पुढे १७५५ साली याच जॉन्सनने आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला. त्यात 'मॅगझीन' या शब्दाखाली कोठार हा अर्थ देऊन, अलीकडे तो नाना विषयांच्या पुस्तिकेलाही लावतात आणि हे केव्हच्या मासिकामुळे झाले, अशी नोंद केली. ज्याच्या मिठाला जागायचे त्याचे नाव शब्दकोशात घालून ठेवले, हे आम्हाला फार आवडते.

फ्रेंचांना हा नवा अर्थ इतका पसंत पडला की आपलाच शब्द त्यांनी इंग्रजांकडून परत विकत घेतला. आज त्यांच्याकडे 'मागाझँ' म्हणजे दुकान आणि 'मागाझीन' म्हणजे नियतकालिक.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पुस्तकाला कोठार म्हणायची कल्पना काही लंडनमध्ये प्रथम सुचली नाही. निजामी गंजवी यांनी बाराव्या शतकातच आपल्या मसनवीचे नाव 'मखजनुल असरार' ठेवले होते, म्हणजे गुपितांचे कोठार. युनानी हकिमांच्या कपाटात सापडणारा 'मखजनुल अद्विया' हा औषधांचा ग्रंथ अठराव्या शतकातला. इंग्रजांनी हे पाहून आपले नाव ठेवले असे मुळीच नाही. दोन वेगळ्या अंगणांत एकच झाड उगवले, इतकेच.

हिंदुस्थानात मात्र 'मॅगझीन' आले ते वाचायसाठी नाही. अजमेर शरीफला जाणाऱ्यांपैकी किती जणांचे लक्ष जाते कोण जाणे, पण दर्ग्यापासून थोड्याच अंतरावर अकबराने बांधलेला एक किल्लेवजा महाल आहे. त्याला लोक आजही 'मॅगझीन' म्हणतात. इंग्रजांचे सर टॉमस रो हे वकील जानेवारी १६१६ मध्ये जहांगीरला भेटले ते अजमेरलाच. पुढे कंपनीचे राज्य आले आणि त्यांनी तिथे शस्त्रे ठेवली, म्हणून हे नाव. आज तिथे सरकारी संग्रहालय आहे. म्हणजे पुन्हा कोठारच, जुन्या मूर्तींचे आणि नाण्यांचे.

दिल्लीचे मॅगझीन याहून प्रसिद्ध. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले आणि दारूगोळ्याच्या या कोठाराकडे वळले. आत लेफ्टनंट विलोबी आणि त्याचे आठ साथीदार होते. कोठार हातचे जाते असे दिसताच त्यांनीच बारूद पेटवून दिली. त्या स्फोटात किती माणसे गेली याची मोजदाद कोणी नीट केली नाही. काश्मिरी दरवाजाजवळ त्याची वेस आजही रस्त्याच्या मधोमध उभी आहे, दोन्ही बाजूंनी रिक्षा आणि बस जात असतात. त्याच शहरात तेव्हा मौलवी मुहम्मद बाकर 'देहली उर्दू अखबार' काढत होते आणि त्या दिवसांच्या बातम्या छापत होते. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि मौलवी साहेबांना ठार केले. दारूचे कोठार आणि कागदाचे कोठार, दोघांनाही एकाच वर्षी आग लागली. बंदुकीत गोळ्या भरायच्या डबीलाही इंग्रजीत मॅगझीनच म्हणतात. अखबारात हा शब्द आला की मुले आम्हाला अजून विचारतात, "सर, अतिरेक्याकडे मॅगझीन सापडले म्हणजे तो वाचत होता का?" प्रश्न भोळा आहे, पण वर्गात हसू येत नाही. आपल्या वस्त्यांतल्या मुलांना अखबारातले हे शब्द फार लहानपणी समजून घ्यावे लागतात.

त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, एप्रिल १९०१ मध्ये, लाहोरहून शेख अब्दुल कादिर यांनी उर्दू मासिक सुरू केले. नाव ठेवले 'मखजन'. पहिल्याच अंकात इक्बालची 'हिमाला' ही नज्म छापली गेली. संपादक इंग्रजी शिकलेले, इंग्रजी वृत्तपत्रात काम केलेले. त्यांना मॅगझीनही ठाऊक होते आणि मखजनही. आज उर्दू लुगत उघडली तर 'मीम'च्या पानांवर दोन्ही शब्द भेटतात. मखजन अरबी म्हणून आणि मेगजीन इंग्रजी म्हणून. एकाच आईची दोन लेकरे, दोन दाखल्यांवर दोन जाती.

आम्हाला हे सगळे सांगावेसे का वाटले? दोन प्रसंग घडले म्हणून. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात चहाच्या वेळी एक गृहस्थ प्रेमानेच म्हणाले, "तुमच्या उर्दूत सगळे बाहेरचेच शब्द. मुलांवर उगाच ओझे." त्यांच्या खिशातले 'पाकीट' सोडा, बोलण्यातले 'बाकी', 'फक्त', 'हरकत नाही', 'जबाबदारी' हे त्यांच्या कानाला बाहेरचे वाटत नव्हते. आणि एका वलीम्यात आमचे एक बुजुर्ग नातेवाईक जोरात सांगत होते की युरोपकडे स्वतःचे काही नव्हतेच, सगळे आपल्याकडून नेले. आजूबाजूचे तरुण माना डोलवत होते. त्यांच्या पुढ्यात शाही टुकडा होता. आम्ही म्हणालो, "चाचा, या टुकड्यातल्या साखरेला अरबांनी सुक्कर म्हटले हे खरे, पण त्यांना ती इराणकडून मिळाली आणि इराणला शर्करा म्हणून या आपल्या जमिनीवरून. अरबांचा फुंदुक म्हणजे सराई, तोही शब्द त्यांनी ग्रीकांकडून घेतला आणि इटालियनांना दिला." चाचांनी आमच्याकडे असे पाहिले, जणू आम्ही त्यांच्या ताटातला तुकडाच उचलला.

बाहेरचे म्हणून फेकणारे आणि आपले म्हणून छाती फुगवणारे, दोघेही शब्दाचा जन्मदाखलाच मागतात. मखजनचा जन्मदाखला आमच्या खिशात आहे, पण त्याने आम्हाला मिळाले काय? 'हा आमचा' म्हणून आम्ही त्यात काय भरले? केव्हने शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडून आलेला शब्द घेतला आणि त्यात महिन्याच्या महिन्याला वाचण्यासारखे काही भरत राहिला. त्याच्या पश्चातही ते मासिक दीडशे वर्षांहून अधिक चालले.

आता त्या कपाटाविषयी. आम्ही पूर्वी ज्या शाळेत होतो तिथे एक लोखंडी कपाट होते. अनुदानातून आलेली उर्दू-मराठी पुस्तके त्यात होती. प्रत्येक पुस्तकावर शिक्का, प्रत्येकाला क्रमांक, आणि सगळ्यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये. नोंदीचे हे नाव ज्याने ठेवले त्याला भविष्य दिसत असावे. मुलांना पुस्तके द्यावीत असे आम्ही म्हटले की उत्तर ठरलेले. पुस्तके फाटतात, हरवतात, ऑडिटला जबाब कोण देणार? किल्ली एकाकडे, तो रजेवर. तो आला की किल्ली दुसऱ्याकडे. या लोकांची भीती अगदीच खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पगारातून वसुली झालेली माणसे आम्ही पाहिली आहेत. पण एका पावसाळ्यात इमारतीची डागडुजी निघाली, कपाट हलवावे लागले, आणि मागच्या बाजूने वाळवीने खालचे दोन खण पूर्ण पोखरलेले निघाले. वाळवीने किल्ली मागितली नव्हती. रजिस्टरमध्ये एकही पुस्तक कमी नव्हते.

याच काळात मोहल्ल्यातले पालक एकेक करून मुलांना इंग्रजी शाळेत नेत होते. "उर्दूत ठेवून काय होणार, सर?" या प्रश्नाला आम्ही भाषणाने उत्तर देऊ शकत होतो. पण 'हे पाहा, तुमच्या मुलाने हे वाचले' असे दाखवायला हातात काही नव्हते. त्या कपाटाला कोठार म्हणायचे की नाही, हा प्रश्न आम्हाला तेव्हापासून छळतो.

आताच्या शाळेत आम्ही भित्तिपत्रक काढतो. मुलांनी नाव ठरवले 'मखजन'. व्हरांड्यातला फळा अर्धा उर्दूचा, अर्धा मराठीचा. उर्दू उजवीकडून सुरू होते, मराठी डावीकडून, आणि दोघी मध्ये येऊन थांबतात. तिथे कोणाचा मजकूर लांबला की भांडण होते, ते आम्ही सोडवत नाही. गेल्या वेळी एका मुलीने आपल्या नानीच्या गावाजवळची, बीडची 'खजाना बावडी' लिहून आणली. निजामशाहीत सलाबतखानाने बांधवून घेतलेली ही विहीर. खजाना तो, पण पाण्याचा, आणि शेतांपर्यंत पोचणारा. तिने तो शब्द आणि फळ्यावरचे नाव यांच्यात लाल खडूने रेघ ओढून ठेवली. हे तिला कोणी सांगितले नव्हते. एकाने बिश्केकच्या त्या पाटीचे चित्र काढले, दूध आणि अंड्यांसकट. एकाने आपल्या अब्बांच्या वर्कशॉपमधल्या सगळ्या अवजारांची नावे लिहिली. त्यांतली निम्मी इंग्रजी, काही मराठी, आणि दोन अशी की कोणत्याच भाषेची नसावीत.

मराठीच्या बाजूला नाव लिहिताना नुक्ता द्यावा की नाही यावरून मोठा वाद झाला. एकाचे म्हणणे, 'ख'खाली आणि 'ज'खाली टिंब हवे, नाहीतर उर्दूचा अपमान. दुसरीचे म्हणणे, मराठीच्या पुस्तकात टिंबे नसतात, मार्क जातील. मतदान झाले, टिंबे हरली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचे शिपाई चाचा झाडू हातात घेऊन फळ्यापुढे उभे होते. मराठीची अक्षरे लावत लावत त्यांनी नाव वाचले आणि आम्हाला विचारले, "सर, इथं मक्खन लिहिलंय, ते वाटणार कधी?"